सून म्हणजे सरकारी खाते नव्हे

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या बाईला जिल्हा रुग्णालयातून घरी सोडतात, तेव्हा नातेवाइकांच्या हातात एक डिस्चार्ज कार्ड पडते. त्यावर गोळ्यांची नावे, रक्तदाबाचा आकडा आणि ‘१५ दिवसांनी दाखवणे’ एवढा मजकूर असतो. लघवीची नळी कोणी बदलायची, दर दोन तासांनी कूस कोणी पालटायची, उंच उंबरठ्यावरून तिला न्हाणीपर्यंत कसे न्यायचे, याबद्दल त्या कार्डावर अवाक्षर नसते. ते लिहिण्याची गरज कोणाला वाटत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. घरात सून आहे.

महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभारात ही सून म्हणजे सर्वांत मोठे खाते आहे. तिला पद नाही, पगार नाही, रजा नाही आणि अंदाजपत्रकात तिच्या नावाने एक ओळही नाही. तरी तिच्या भरवशावर आरोग्य विभाग आपले काम संपले असे मानतो, आणि समाजकल्याण विभाग आपले काम अजून सुरूच झालेले नाही असे मानतो. या दोन समजुतींच्या मधल्या जागेत माणसे महिनोन्‌महिने खाटेवर पडून असतात.

खाटेवरच्या त्या बाईच्या गरजा कोणकोणत्या दारांत वाटल्या गेल्या आहेत, ते पाहण्यासारखे आहे. नर्सबाई उपकेंद्रातली, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची. दिव्यांगत्वाचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे राज्य सरकारच्या रुग्णालयात. तोही ठरावीक वारी, रुग्ण समक्ष हजर हवा. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान तहसीलदारांकडे. रेशनकार्डावरचा शिक्का पुरवठा शाखेत. चाकाची खुर्ची हवी असेल तर जिल्हा परिषदेचे समाजकल्याण किंवा ग्रामपंचायतीचा दिव्यांग निधी. न्हाणीत धरायला दांडा आणि दारात उतार करून हवा असेल, तर ते कोणाचे काम हे कोणालाच सांगता येत नाही. माणूस एक, आजार एक, पण अर्ज सात आणि प्रत्येक अर्जाला आधार कार्डाची झेरॉक्स. जी बाई खाटेवरून उठू शकत नाही म्हणून मदत मागते, तिने आपण उठू शकत नाही हे सिद्ध करण्यासाठी उठून जिल्ह्याच्या गावी यावे, अशी ही रचना आहे. म्हणून गावोगाव छोट्या टेम्पोत गादी घालून म्हातारी माणसे दाखल्यासाठी नेली जातात. लोक हे पाहतात, हळहळतात आणि ‘काय करणार, नियम आहे’ म्हणून बाजूला होतात.

नियमांची गोष्ट निघालीच आहे, तर उत्पन्नाच्या दाखल्याकडेही वळू. निराधार अनुदानासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार रुपये राहिली. म्हणजे दिवसाला ५८ रुपये. एवढ्यात चार माणसांचे घर चालते यावर अर्जदाराचा विश्वास नसतो, तलाठ्याचा नसतो, नायब तहसीलदाराचाही नसतो. तरी तिघेही त्या आकड्यावर सही करतात. खोटे बोलल्याशिवाय हक्क मिळत नाही अशी व्यवस्था आपण उभी केली आणि वर गरीब माणूस अप्रामाणिक झाल्याची तक्रार करतो. गरजूला आधी लाचार करायचे आणि मग त्याच्या लाचारीला पुरावा मागायचा, हा आपल्या कल्याणकारी राज्याचा सर्वांत जुना विधी आहे.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो संस्कृतीचा झेंडा घेऊन येतो. आईबापांची सेवा हा आमचा धर्म आहे, त्यात ग्रामपंचायतीने कशाला पडावे? वृद्धांची काळजी सरकारवर सोपवणे ही परक्यांची रीत, आमच्याकडे म्हातारपण घरातच जाते. हा युक्तिवाद करणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारावा. तुमच्या घरात ही सेवा कोण करते? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देताना दिसल्या आणि पुरुष ७६. शिवाय असे काम मुळात करणारे पुरुषच शंभरात १४ निघाले. याचा अर्थ धर्म मुलाचा आणि कष्ट सुनेचे. मुलगा श्रावणबाळ म्हणून मिरवतो, कावड मात्र दुसऱ्याच खांद्यावर असते. तिने शेतातली मजुरी सोडली, शिवणकाम बंद केले, माहेरच्या लग्नाला गेली नाही, याचा हिशेब कोणत्याही सेवाधर्मात लिहिलेला नाही.

संस्कृतीचा हा दावा खुद्द राज्यसंस्थेनेच मोडीत काढलेला आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी देशाला २००७ मध्ये कायदा करावा लागला. म्हाताऱ्या बापाला मुलाविरुद्ध दाद मागता यावी म्हणून न्यायाधिकरणे नेमावी लागली. २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते पैसे आईवडिलांना देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण एक गोष्ट बोलायची राहून गेली. पगार कापून पैसे मिळतील, नर्स मिळणार नाही. लेकराच्या मायेने भूक भागते, पाठीला पडलेली जखम मायेने भरत नाही. तिला रोज ड्रेसिंग लागते आणि ते कसे करायचे हे कोणीतरी शिकवावे लागते. प्रेम करणाऱ्या घरातही माणूस बेडसोरने कुजतो, कारण हे कौशल्याचे काम आहे आणि आपण ते नात्याचे काम समजून बसलो आहोत.

आणि संस्कृतीच बोलायची तर पुरती बोलू. झटका आलेल्या माणसाच्या अंगावरून ‘वारं गेलं’ म्हणून कबुतराचे रक्त चोळणारी घरे आजही आहेत. पहिले काही तास, ज्यांत रुग्णालय गाठले तर हातपाय वाचू शकतात, ते त्या उपचारात जातात. पुढची दोन वर्षे तो माणूस गोधडीवर काढतो. तीन-चार हजारांची हवेची गादी कोणाला सुचत नाही, सुचली तरी परवडत नाही. तो गेला की मात्र चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, दशक्रियेला कीर्तनकार येतात, तेराव्याला गावजेवण होते आणि त्यासाठी कर्जही निघते. जिवंत माणसाच्या पाठीखाली गादी नाही आणि मेलेल्या माणसाच्या नावाने पंगत, या व्यवहाराला श्रद्धा म्हणणे हा श्रद्धेचाही अपमान आहे.

मानसिक आजाराच्या बाबतीत तर चित्र अधिक उघडे आहे. प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एखाद्या दिवशी आला तर आला. मग घरचे लोक रुग्णाला एखाद्या ठाण्यावर, दर्ग्यावर, बुवाकडे नेतात. आपण सुशिक्षित लोक त्यांना अडाणी ठरवून मोकळे होतो. बुवाच्या उपचाराचे समर्थन होऊ शकत नाही. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले, हे विसरता येत नाही. पण अशा ठिकाणी लोक का जातात, हा प्रश्न विवेकवाद्याने टाळू नये. तिथे रुग्णासोबत राहायला जागा असते, दोन वेळचे जेवण मिळते, त्याच दुःखातली आणखी चार कुटुंबे भेटतात आणि ‘आधी दाखला आणा’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे उपचार आणि आधार एकाच ओट्यावर मिळतात. उपचार खोटा असतो, आधार खरा असतो. आपल्या शासकीय व्यवस्थेत उपचार खरा आहे आणि आधाराचा पत्ता नाही. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला, तो आवश्यकच होता. बुवाचे दुकान बंद करायचे तर त्या दुकानात जे खरे मिळत होते ते सरकारी दारात मिळायला हवे, ही त्याच कामाची दुसरी बाजू आहे.

दुसरा आक्षेप अधिकारांचा. ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे, असे सरपंच विचारतात. त्यांनी संविधानाची ११ वी अनुसूची उघडून पाहावी. १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी जे २९ विषय मांडले, त्यांत आरोग्य आहे, महिला व बालविकास आहे आणि दिव्यांगांसह समाजकल्याणही आहे. तिथे हे विषय जवळजवळच आहेत. जिल्हा परिषदेच्या १९६१ च्या कायद्याने आरोग्य समिती, समाजकल्याण समिती आणि महिला व बालकल्याण समिती एकाच छताखाली बसवल्या. छत एक असून भिंती तीन झाल्या, हे कायद्याने केलेले नाही. आरोग्य उपकेंद्रांकडून अपेक्षित असलेल्या १२ सेवांच्या यादीत वृद्धांची देखभाल आणि पॅलिएटिव्ह केअर (असाध्य रुग्णांची वेदनाशामक शुश्रूषा) ही नावेही छापलेली आहेत. कागदाला काहीच कमी नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि तो सर्वांत कमकुवत आहे. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभर ७० हजार कोटींहून अधिक रकमेची शिफारस केली. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने दरवर्षी ग्रामपंचायतीचा आराखडा तयार होतो. तो उघडून पाहावा. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, सभामंडप, स्वागत कमान, स्मशानभूमीचे सुशोभीकरण. दिव्यांग निधी बहुधा मार्चअखेर वर्षातून एकदा रोख वाटून टाकला जातो. घेणाऱ्याला त्यात औषधही बसत नाही आणि देणाऱ्याला मात्र फोटो मिळतो. कमानीवर कोनशिला बसते, नळी बदलण्यावर बसत नाही. खर्चाच्या क्रमामागचे तर्कशास्त्र एवढेच आहे.

हे सगळे एकत्र आणणे आपल्याला जमत नाही असे म्हणावे, तर करोनाची आठवण आड येते. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक घरोघर गेले, कोणत्या घरात मधुमेही आहे आणि कोणत्या घरात दम्याचा रुग्ण, याच्या नोंदी झाल्या. तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी आणि पोलीस निरीक्षक एका टेबलावर बसून रोज निर्णय घेत होते. शाळेत विलगीकरण कक्ष उभे राहिले, एकट्या माणसांच्या दारात डबे गेले. तेव्हा कोणत्याही अधिकाऱ्याने ‘हे आमच्या विभागात येत नाही’ म्हटले नाही, कारण विषाणू अधिकाऱ्याच्या घरातही शिरू शकत होता. साथ ओसरली, टेबल मोडले. नोंदवह्या कुठल्या कपाटात गेल्या, कोण जाणे. क्षमता होती, इच्छा भीतीपुरतीच होती.

केरळने हे काम साथीची वाट न पाहता केले. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. लवकरच लक्षात आले की डॉक्टर वेदना थांबवू शकतो, पण कर्ता माणूस खाटेवर पडल्यावर चूल आणि मुलांची शाळा थांबते, त्यावर त्याच्याकडे औषध नाही. म्हणून १९९९ नंतर मलप्पुरम आणि शेजारच्या जिल्ह्यांत गावातल्याच माणसांना शिकवून आठवड्याचे काही तास शेजाऱ्यांसाठी मागितले गेले. रुग्णाच्या घरी तांदूळ पोहोचवणे आणि पोरांची वह्या-पुस्तके पाहणे हेही शुश्रूषेचा भाग झाले. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा स्थानिक संस्थांकडे गेला होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रेही पंचायतींच्या अखत्यारीत आली होती. त्यामुळे २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आखले तेव्हा त्याला उभे राहायला जमीन होती. पंचायतीच्या आराखड्यात नर्सचा पगार आणि घरभेटीच्या गाडीचे भाडे या रीतसर बाबी झाल्या. गाडी ठरलेल्या वारी निघते, नर्ससोबत आशा असते, कधी वॉर्डाचा सदस्यही असतो. खाटेवरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसासाठी राज्याने महिना ६०० रुपयांचे अनुदानही ठेवले. ते वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी तिथेही झाल्या. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारा माणूस सरकारला दिसला, ही लहान गोष्ट नाही.

‘केरळ वेगळे आहे’ हे आपले ठेवणीतले उत्तर. स्कॉटलंडचे उदाहरण दिले तर ‘ते श्रीमंत आहेत’ म्हणू. तिथे २०१४ मध्ये कायदा करून आरोग्य मंडळ आणि नगर परिषद यांना प्रौढांच्या आरोग्याचा व देखभालीचा पैसा आणि आराखडा एकत्र आणणे सक्तीचे केले. ३२ परिषदांच्या प्रदेशात अशी ३१ संयुक्त प्राधिकरणे आहेत. पैशावरून त्यांचीही भांडणे संपलेली नाहीत. पण ‘हा रुग्ण कोणाचा’ या प्रश्नाला तिथे कायद्याने उत्तर आहे.

महाराष्ट्राला तर कोणाकडून उसने आणण्याचीही गरज नव्हती. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलेल्या डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी निरक्षर, बहुतेक दलित आणि गरीब बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्या बायका पाणी, पोषण, जात आणि आजार हे प्रश्न वेगळे मानत नव्हत्या, कारण त्यांच्या घरात ते वेगळे नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची देखभाल गावातल्या बाईच्या हाती दिली, पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. त्याच्याही आधी गाडगेबाबांनी ओळखले होते की गावाकडून रुग्णालयात आलेल्या माणसाला औषधाइतकीच पथारी टाकायला जागा आणि भाकरी लागते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. आपण बाबांचा खराटा घेतला, त्यावर ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धा घेतल्या, बक्षिसे वाटली. धर्मशाळा मात्र त्यांच्याच मिशनकडे ठेवली. खराट्याचा फोटो चांगला येतो.

आता करायचे काय, हे अवघड नाही, गैरसोयीचे आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शहरात प्रत्येक प्रभागाने एक यादी करावी. खाटेवर असलेले, एकटे राहणारे, मानसिक आजाराने घरात कोंडले गेलेले, मतिमंद मुले असलेली घरे. त्या यादीतल्या प्रत्येक कुटुंबासाठी एक नाव ठरवावे, ज्याला फोन केला की दाखला, अनुदान, ड्रेसिंग आणि खुर्ची या चारही गोष्टींची वाट तोच चालेल. कुटुंबाने ती चालायची नाही. शल्यचिकित्सकाचे पथक महिन्यातून एकदा तालुक्याला यावे, खाट जिल्ह्याला जाऊ नये. महिन्यातून एक दिवस उपकेंद्र, अंगणवाडी, तहसील आणि ग्रामपंचायत यांनी ती यादी एकत्र बसून वाचावी.

ती बंद दाराआड वाचावी, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे लाभार्थ्यांची नावे लाउडस्पीकरवर पुकारण्याची हौस आहे. कोणाला एचआयव्ही आहे, कोणाच्या लेकीला झटके येतात, हे गावाला सांगण्याचा अधिकार पंचायतीला नाही. सभेत आकडे मांडावेत, नावे नाहीत.

दुसरी अट अधिक महत्त्वाची. हे नवे काम पुन्हा आशाताईच्या डोक्यावर टाकून मोकळे व्हायचे नाही. तिच्या वह्या आधीच तिला उचलत नाहीत, आणि मोबदल्यासाठी तिला वारंवार आझाद मैदान गाठावे लागते. सुनेचे फुकटचे काम आशाताईकडे निम्म्या पैशात सरकवणे हा सुधारणेचा आव आणून केलेला तोच जुना व्यवहार ठरेल. माणूस नेमायचा तर पगारी, शिकवलेला आणि पुरुषही. गावातल्या बेकार तरुणांना रुग्ण उचलण्याचे, नळीची निगा राखण्याचे आणि ड्रेसिंगचे प्रशिक्षण दिले तर त्यांचा पुरुषार्थ कमी होत नाही.

यात राजकारण शिरेल, सरपंचाच्या भावकीतली नावे आधी लागतील, ही शंका खोटी नाही. पण आज यादीच नाही, म्हणून वशिला कोणाचा लागला हेही कळत नाही. यादी झाली की तिच्यावर भांडता येते. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या, तेव्हा भांडायला समोर लोकप्रतिनिधीच नव्हता. निवडून आलेल्या माणसाकडे मत मागायला यावे लागणारा चेहरा असतो, त्याला दारात उभे करून विचारता येते.

आराखड्याची ग्रामसभा साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास होते. तिथे कमानीचा विषय येण्याआधी कोणीतरी उठावे आणि विचारावे: आपल्या गावात खाटेवर किती माणसे आहेत, त्यांच्याकडे गेल्या महिन्यात कोण गेले, आणि दिव्यांग निधीतून गादी, खुर्ची किंवा नर्सच्या फेऱ्या यांवर किती खर्च झाला? हा प्रश्न सुनेने विचारला तर अधिक चांगले. उत्तर ‘माहिती घेऊन सांगतो’ असे येईल. ते तसेच, शब्दशः, प्रोसिडिंग बुकात लिहून घ्यायला लावावे. पुढच्या सभेत ते पान उघडून तिथूनच सुरुवात करावी.